सात वर्षांचा टायगर घरात लघवी का करू लागला?

पत्र: आमचा टायगर सात वर्षांचा, गावठी, नर. मालवण तालुक्यात आमचं घर, पुढे खळं, मागे माड-पोफळी. इतक्या वर्षांत त्याने घरात कधी घाण केली नव्हती. गणपतीत मुंबईहून दीर-जाऊ आले, सोबत त्यांचा लॅब्रेडोर. दुसऱ्याच दिवशी टायगरने मखराच्या खांबावर पाय वर केला. विसर्जन झालं, पाहुणे गेले, पण सोफ्याची कड, माजघराची चौकट, धुण्याची बादली, काही सुटत नाही. शिवाय सकाळी उठून बघावं तर मागच्या पडवीत थारोळं. श्रावणात वाडीत बिबट्या दिसल्यापासून त्याला संध्याकाळी साडेसातला आत घेऊन कडी लावतो, सकाळी सहाला सोडतो, म्हणजे रात्री बाहेर काही खाऊन येतो असंही नाही. पाणी जरा जास्त पितो असं मला वाटतं, यजमानांना वाटत नाही. ते त्याचं नाक त्या लघवीत घासतात. सासूबाई फिनेल टाकून वर गोमूत्र शिंपडतात आणि म्हणतात, ‘त्येका भायर बांधा, ह्या माका घरात चलाचा नाय.’ शिस्तीचा कुत्रा असा अचानक का बिघडला?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात बिबट्या एका वाक्यात येऊन गेला. निम्मं उत्तर त्या वाक्यात आहे.

टायगरला घराची शिस्त होती असं तुम्ही म्हणता. ती लावली कोणी? गावातला कुत्रा खळ्यात, ओटीवर नाहीतर मांगरात झोपतो. लघवी लागली की उठतो, गडग्यापाशी जाऊन येतो आणि परत अंग टाकतो. त्याला ‘थांब’ असं कुणी कधी म्हटलेलं नसतं, कारण तशी वेळच येत नाही. फ्लॅटमधला कुत्रा पिल्लू असतानाच शिकतो की लागली तरी रोखायची, दारापाशी जाऊन उभं राहायचं, मग कुणीतरी पट्टा घेऊन येतं. टायगर यातलं काहीही शिकलेला नाही. त्याला सात वर्षं दार उघडं होतं, एवढंच. आता साडेसात ते सहा, म्हणजे साडेदहा तास ते बंद असतं. निरोगी मोठा कुत्रा सहा-आठ तास सहज काढतो. पण रोखायची सवयच नसलेल्या कुत्र्याने, तेही रात्रीचं जेवण जेवून, साडेदहा तास काढावेत ही अपेक्षा जास्त आहे. तो मागच्या पडवीत जातो, कारण बंद घरात त्यातल्या त्यात ‘बाहेर’ वाटणारी जागा तीच. बिचाऱ्याने अक्कल चालवलीय.

म्हणजे तो बिघडलेला नाही. सूड तर अजिबात उगवत नाही. (हे यजमानांना वाचून दाखवा.)

मात्र तुमच्याकडे एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत, आणि कदाचित तिसरीही. जमिनीवरचं थारोळं म्हणजे भरलेलं मूत्राशय रिकामं केलेलं. चौकटीवर, बादलीवर, सोफ्याच्या कडेवर पाय वर करून सोडलेली चूळभर लघवी म्हणजे खूण. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. आणि तिसरी शक्यता पाण्याची. तुम्हाला वाटतं तो जास्त पितो, यजमानांना वाटत नाही. वाटण्यावर जाऊ नका, मोजा.

मोजणं सोपं आहे. सकाळी लिटरच्या बाटलीने भांडं भरा, दिवसभर जेवढं घालाल ते लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं वजा करा. असं दोन-तीन दिवस. बागेतल्या पाटाचं किंवा डोणीतलं पाणी तो परस्पर पीत असेल तर तेवढे दिवस त्याला पट्ट्यावर ठेवा. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. टायगर १८ किलोचा धरला तर लिटरभर. उकाड्यात थोडं वर जाईल, खारं खाल्लं तर आणखी थोडं. पण किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे याच्या बाबतीत पावणेदोन-दोन लिटर रोजचं होत असेल, तर शिकवणं वगैरे बाजूला ठेवून आधी दवाखाना. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, लघवीच्या मार्गातला संसर्ग, खडे यांतलं काहीही असू शकतं. कुणी खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू केल्या असतील तर त्यानेही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, ते डॉक्टरांना न विसरता सांगा. आणि सात वर्षांचा, खच्चीकरण न केलेला नर म्हटलं की प्रोस्टेट ग्रंथी मोठी झाली आहे का हेही डॉक्टर बघतील.

पाणी मोजून बेताचं निघालं, तरी लघवीची तपासणी एकदा करून घ्याच. सकाळची पहिली लघवी हवी. लांब दांड्याचं स्टीलचं ओगराळं उकळत्या पाण्याने धुऊन वाळवा, त्याने पाय वर केला की शांतपणे खाली धरा, स्वच्छ बाटलीत ओता आणि तासाभरात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. उशीर होणार असेल तर बाटली डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. (ते ओगराळं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. सासूबाईंच्या आधी मी सांगतो.) सोनोग्राफी लागलीच तर तुमच्या बाजूचे लोक गोव्याला नाहीतर कोल्हापूरला नेतात, पण ते पुढचं. बऱ्याचदा साध्या तपासणीतच धागा सापडतो.

काही लक्षणांत मात्र मोजमाप करत बसायचं नाही, त्याच दिवशी निघायचं. पुन्हा पुन्हा पाय वर करतो आणि थेंबच येतो किंवा काहीच येत नाही. लघवीत रक्त दिसतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. गडद लघवी आणि अंगावर गोचिड्या असतील तर गोचिडीच्या तापाची शंका घ्यावी लागते. ताप, उलट्या, खाणं सोडणं, डोळे पिवळे, यामागे लेप्टो असू शकतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती काय असते ते तुम्हाला सांगायला नको. उंदरांच्या लघवीने दूषित झालेलं शेतातलं, गटारातलं पाणी कुत्रा पितो, त्याच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि मग त्याच्याही लघवीतून ते जंतू बाहेर पडतात. म्हणून तपासणी होईपर्यंत पडवी पुसताना हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट असू द्या. सासूबाईंच्या पायाला भेगा किंवा चिखल्या असतील तर त्यांना ते काम करू देऊ नका. कुत्र्यासाठी लेप्टोची लस असते आणि ती दरवर्षी द्यावी लागते. टायगरला फक्त रेबीजची दिली असेल तर हीसुद्धा विचारा.

जाता जाता, ज्यांच्याकडे मादी आहे त्यांच्यासाठी. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली मादी झोपेत ओली होत असेल तर तो संप्रेरकांमुळे आलेला सैलपणा असू शकतो, त्यावर औषध आहे. शस्त्रक्रिया न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. तिथे एक दिवसही थांबू नका.

आता रात्रीचं थारोळं. सुरुवात जेवणापासून. आपल्याकडे कुत्र्याला माणसांची जेवणं उरकल्यावर, नऊ-साडेनऊला, उरलेला भात आणि माशाची आमटी मिळते. त्यात पाणी भरपूर आणि मीठही. वर सुकटीचा चुरा पडला तर विचारूच नका. खारं खाऊन तो रात्री पाणी पितो आणि पहाटे ते पडवीत येतं. टायगरला साडेसहाच्या आत जेवू घाला, त्याचा भात मीठ घालायच्या आधी वेगळा काढा, सुकट बंद. पाण्याचं भांडं मात्र रात्री उचलून ठेवू नका. ज्याला आजाराने तहान लागतेय त्याचं पाणी तोडणं धोक्याचं आहे, आणि तुमचा निकाल अजून यायचा आहे.

झोपायच्या आधी, दहाच्या सुमारास, त्याला पट्टा लावून एकदा बाहेर न्या. बिबट्या असताना कसं? खळ्यातला दिवा लावून, दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत, हातात टॉर्च घेऊन, पट्टा आखूड धरून, घराच्या भिंतीला धरूनच. बागेकडे वळायचं नाही. रोज तीच जागा. तिथे पोचलात की उभे राहा, त्याला हुंगू द्या आणि प्रत्येक वेळी तोच शब्द वापरा, ‘शू कर’ किंवा जो तुम्हाला तोंडात बसेल तो. उरकलं की त्याच क्षणी, तिथेच, हातावर खाऊ: उकडलेल्या अंड्याचा नाहीतर भाकरीचा तुकडा. घरात आल्यावर दिलात तर त्याच्या हिशोबी तो घरात येण्याचा खाऊ झाला. सकाळी साडेपाचला, बाहेर दिवा लावूनच, पुन्हा हेच. म्हणजे मधले तास उरले साडेसात, आणि ते त्याला जमण्यासारखे आहेत.

दिवसाही दोन-तीन आठवडे पिल्लासारखंच वागवा. झोपून उठला, जेवला, पाहुणे आले, की बाहेर. दर तीन तासांनी तर बाहेरच. दिवसा एक पथ्य पाळा, त्याने उरकल्याबरोबर आत पळवू नका. लघवी केली की फिरणं संपतं हे कुत्र्याच्या चटकन लक्षात येतं, मग तो रोखून धरतो आणि घरात येऊन सोडतो.

रात्री झोपायची जागा बदला. मागची पडवी त्याच्या नाकाने आता मुतारी ठरली आहे. तिथे त्याला एकटं कोंडलंत तर वरचं सगळं वाया. माजघरात तुमच्या कॉटच्या पायाला चार-पाच हात दोरी, खाली त्याचं स्वतःचं अंथरूण. कुत्रा सहसा झोपायची जागा खराब करत नाही आणि अस्वस्थ झाला तर तुम्हाला ऐकू येईल. उठला, कण्हला, तर कंटाळा न करता बाहेर. पावसाळ्यात मागच्या दाराशी टाकलेली गोणपाटं उचला. पायाला मऊ, ओलसर, पाणी शोषणारी ती गोणपाटं कुत्र्याला जमिनीसारखीच वाटतात.

मुसळधार पाऊस असेल किंवा बिबट्या अगदी गडग्याशी येऊन गेला असेल, अशा रात्रींसाठी पडवीच्या दुसऱ्या टोकाला एक सोय करून ठेवता येईल. पत्र्याचा मोठा ट्रे, त्यात बागेतली माती, मधोमध उभा केलेला अर्धा चिरा. नराला पाय वर करायला काहीतरी उभं लागतं. त्याच्या लघवीचं फडकं पहिल्या दिवशी त्या चिऱ्यावर ठेवा. तिथे केलं तरी खाऊ. दोन दिवसांनी माती बदला.

‘भायर बांधा’ याबद्दल सासूबाईंशी बोलताना घाणीचा विषय काढूच नका, बिबट्याचा काढा. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. मोकळा कुत्रा निदान पळून घरात शिरेल, साखळीला बांधलेला काय करणार? अंगणात ठेवायचंच असेल तर चारी बाजूंनी आणि वरूनही जाड जाळीचा, आतून न ढकलता येणारा पिंजरा हवा, तोही घराला लागून.

पाय वर करण्याचं प्रकरण वेगळं. तिथे लघवी साठलेली नसते, निरोप असतो. भाद्रपदात वाडीतल्या कुत्र्या माजावर येतात आणि आसपासचा एकेक नर बहकतो. त्याच महिन्यात तुमच्या घरात दहा माणसं, बॅगा, नवीन लाकडाचं मखर आणि या सगळ्यावर कडी म्हणजे परका नर. त्याचा वास टायगरला चौकटीचौकटीवर येत राहिला आणि त्याने प्रत्येक ठिकाणी सातबाऱ्यावर आपलं नाव पुन्हा चढवून घेतलं. लॅब्रेडोर मुंबईला गेला तरी वास गेलेला नाही. टायगरच्या स्वतःच्या वासाने मग ती जागा रोजची झाली.

यावर सगळ्यात उपयोगी म्हणजे खच्चीकरण. बऱ्याच नरांमध्ये खुणा करणं त्याने स्पष्ट कमी होतं, प्रोस्टेट वाढण्याचाही प्रश्न बहुधा मिटतो. फरक पडायला काही आठवडे जातात, आणि सवय जुनी असेल तर नुसत्या शस्त्रक्रियेने ती पूर्ण जाईलच असं नाही. यजमानांना राखणीची काळजी वाटेल. खच्चीकरण झालेला कुत्राही परका माणूस दिसला की तितकाच भुंकतो.

तोवर दिवसा घरात असताना पट्टा लावून दुसरं टोक तुमच्या कंबरेला. दोन-तीन दिवस वैताग येईल, पण त्याने कोपरा हुंगून कूस वळवली की तुम्हाला कळेल. त्याच क्षणी ‘टायगर, चल’ आणि बाहेर. ओरडायचं नाही. बॅगा, बादल्या जमिनीवरून उचला. पोटाला बांधायचा कपड्याचा पट्टा मिळतो, घरी पाहुणे असतील तेव्हा तास-दोन तास चालेल. ओला झाल्यावर तसाच ठेवलात तर कातडी सोलवटेल.

नाक घासणं आजपासून बंद. कुत्र्याला घडून गेलेल्या लघवीचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की यजमान आणि लघवी एकत्र आले की मार बसतो. मग तो यजमानांसमोर लघवी करायचंच टाळतो, बाहेर पट्ट्यावरसुद्धा, आणि नंतर सोफ्यामागे जाऊन करतो. रंगेहाथ सापडला तरच टाळी वाजवून लक्ष वेधा आणि बाहेर न्या. नंतर सापडलं तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून निमूट पुसा.

पुसण्यावर मात्र निम्मं यश अवलंबून आहे. काळं फिनेल कुत्र्याला विषारी आहे, पायाला लागलेलं तो चाटतो. शिवाय फिनेल वास झाकतं, घालवत नाही. आपल्या दमट हवेत वाळलेली लघवी पुन्हा ओलावा धरते आणि वास उठतो. आधी जुन्या कापडाने दाबून सगळं टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमचा द्रव टाकून डबीवर लिहिलंय तितका वेळ मुरू द्या. हा द्रव ऑनलाइन सहज मिळतो. ब्लीच लघवीवर थेट कधीही ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. व्हिनेगर ओटीवरच्या सिरॅमिक लादीवर चालेल, पण माजघरात शहाबादी किंवा कडाप्पा असेल तर नको. ते चुनखडीचे दगड आहेत, आम्लाने त्यांचं तेज जातं. मागची पडवी सारवलेली असेल तर तिथे पुसून काही होणार नाही. तेवढा वरचा थर खरवडून काढा, नवी माती चोपा, वाळली की सारवा. आणि डाग कुठे कुठे आहेत ते शोधायला दुकानदार नोटा तपासतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणा, रात्री दिवे घालवून फिरवा. तुम्हाला माहीत नसलेल्या चार जागा सापडतील.

राहिलं गोमूत्र. सासूबाईंच्या मनाला बरं वाटतं, त्यात बोलण्यासारखं काही नाही. पण टायगरच्या नाकाला ते दुसऱ्या जनावराचं मूतच, आणि तेही नेमकं त्याच्या खुणेवर. तो त्यावर पुन्हा पाय वर करणारच. शिंपडायचं ते देवघरात शिंपडा आणि देवघराच्या दाराला लाकडी फाटक लावा. खुणेच्या जागांवर नको.

दिवाळीत दीर पुन्हा लॅब्रेडोर घेऊन येणार असतील तर दोघांची पहिली भेट घरात होऊ देऊ नका. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबवा, दोघांना वेगवेगळ्या माणसांच्या हाती पट्ट्यावर घेऊन रस्त्याने एकत्र चालवा, दोघांच्या लघव्या रस्त्यावरच्या दगडांवर होऊ द्या आणि मगच खळ्यात आणा. लॅब्रेडोरला फक्त ओटी. माजघरात एकट्या टायगरला प्रवेश. जाऊबाईंना हे आजच फोनवर सांगून ठेवा, आल्यावर सांगितलंत तर राग यायचा.